अँटेलोप कॅनियनमधला उजेड कॅमेऱ्यात कसा धरायचा: जळगाव-धुळे-नंदुरबारकडून निघणाऱ्यांसाठी

भुसावळ घ्या, चोपडा घ्या, शिरपूर घ्या, कुठल्याही गल्लीत एखादा तरी पोरगा अमेरिकेत असतोच, आणि मे महिना लागला की त्याचे आई-वडील नाहीतर भाऊ-वहिनी तिकडे निघतात. मग लास व्हेगास, ग्रँड कॅनियन आणि जोडीला अँटेलोप कॅनियन असा बेत ठरतो. परत आल्यावर फोटो बघावेत तर सगळीकडे वर पांढराफटक आभाळाचा पट्टा, खाली काळाकुट्ट दगड आणि मधे कुणाचं तरी डोकं. जाऊन आल्यापासून मला हेच विचारणारे फोन येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय. डीएसएलआर-मिररलेसवाले आणि नुसता मोबाइल घेऊन जाणारे, दोघांच्याही कामाचं आहे.

१. आधी उजेडाचा हिशेब समजून घ्या

अँटेलोप कॅनियन म्हणजे अ‍ॅरिझोना राज्यात पेज नावाच्या गावाजवळ, नवाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या जमिनीवर असलेली दगडातली चिंचोळी घळ. दगड वाळूचा, नवाहो सँडस्टोन म्हणतात त्याला. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे वाळवंटाच्या टेकड्या होत्या, त्या दबून त्यांचा दगड झाला आणि मग पावसाळी पुराच्या पाण्याने वाळूसकट घासून घासून त्यात ही फट कोरली. भिंतीवर ज्या लाटांसारख्या रेघा दिसतात त्या मूळ वाळूच्या थरांच्या आहेत. आपल्याकडचा अजिंठ्याचा काळा बेसाल्ट लाव्ह्यापासून झालेला, तो उजेड पिऊन टाकतो. हा दगड उजेड परत फेकतो, सगळी गंमत तिथेच आहे.

होतं असं की ऊन वरच्या फटीतून आत येतं आणि भिंतीच्या वरच्या भागावर पडतं. तिथून उडून समोरच्या भिंतीवर, तिथून परत अलीकडच्या भिंतीवर, असं करत खाली उतरतं. दगडात लोहाचा अंश आहे, तो प्रत्येक टप्प्याला निळा रंग खातो आणि तांबडा-नारंगी पुढे पाठवतो. म्हणून वर पिवळसर, मधे नारंगी, खाली गडद तांबडं दिसतं. आणि ज्या कोपऱ्यांत हे उडालेलं ऊन पोचत नाही, नुसत्या आभाळाचा उजेड पोचतो, ते कोपरे जांभळे-निळे दिसतात. ते जांभळे फोटो बघून लोक म्हणतात फोटोशॉप केलंय, पण बराचसा रंग खरंच तिथे असतो.

तर मुद्दा एवढाच की तुम्हाला फोटो काढायचाय तो उडालेल्या उजेडाचा. थेट ऊन आणि आभाळ दोन्ही चौकटीबाहेर ठेवायचं. माझ्या मते निम्मं काम एवढ्यावरच होतं, पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल (पण वाचा).

२. जायच्या आधी इथेच हात बसवा

आत गाइड थांबू देत नाही, मागून पुढचा ग्रुप येत असतो, तिथे जाऊन मेनू उघडून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) कुठे असतो ते शोधत बसलात तर संपलं. म्हणून घरी सराव करा.

पहिला सराव गल्लीतला. गावात अशी बोळ शोधा जिथे एका बाजूला विटांची उघडी भिंत आहे आणि समोर पांढरी किंवा चुन्याची. दुपारी विटांच्या भिंतीवर ऊन आलं की समोरची पांढरी भिंत बघा, ती नारंगी झालेली असते. आता खिशातला पांढरा रुमाल काढून दोन्ही भिंतींच्या मधे उभा धरा. विटांकडची बाजू तांबूस आणि आभाळाकडे वळलेली घडी निळसर दिसेल. एकदा हे डोळ्याला दिसायला लागलं की कॅनियनमध्ये कुठे बघायचं ते कुणी सांगायची गरज पडत नाही. याच रुमालाचा फोटो आधी ऑटो व्हाइट बॅलन्सवर (यात कॅमेरा आपणहून रंग जुळवतो) काढा, मग डेलाइटवर (उन्हासाठीची ठरलेली सेटिंग) काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. ऑटोने रंग धुऊन काढलेला असतो.

दुसरा सराव उन्हाच्या तिरिपेचा. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्या झरोक्यातून चूल पेटलेली असताना जो उजेडाचा खांब खाली येतो, तेच तिकडे वाळूच्या धुळीत होतं. हवेत धूळ-धूर नसेल तर तिरीप दिसतच नाही, नुसता जमिनीवर ऊनाचा ठिपका दिसतो. ओळखीचं जिनिंग असेल तर तिथेही कापसाच्या तंतूंमुळे मस्त तिरिपा दिसतात, मालकाला विचारून जा, आणि तिथे धूर-विडी-काडीपेटी अजिबात नको.

तिसरा सराव तापी-पूर्णेच्या काठच्या मातीच्या घळींचा. रंग कॅनियनइतका येत नाही, पण दोन उंच भिंतींच्या मधून वर बघत चौकट कशी लावायची ते कळतं. फक्त कोरड्या दिवसांतच जा, एकटे जाऊ नका आणि भिंतीला टेकू नका, ती गाळाची माती आहे, केव्हा ढासळेल सांगता येत नाही.

३. कुठली कॅनियन, कुठला महिना, किती वाजता

अँटेलोप एक नाही, अप्पर आणि लोअर अशा दोन वेगळ्या जागा आहेत, तिकीट वेगळं, प्रवेश वेगळा. बुकिंग करताना बरेच जण इथेच चुकतात.

अप्पर खाली रुंद आणि वर निमुळती आहे. वरची फट बारीक असल्यामुळे ऊन एका तिरिपेसारखं आत पडतं, ते प्रसिद्ध उजेडाचे खांब इथले. चालायची जमीन सपाट वाळूची. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर हीच घ्या, फक्त बाहेर परतायच्या वाटेवर जिने आणि उतार आहेत, त्याबद्दल टूरवाल्याला आधी विचारा.

लोअर उलटी, वर रुंद आणि पायाशी अगदी चिंचोळी, काही ठिकाणी एका वेळी एकच पाय मावतो. उतरायला-चढायला लोखंडी खडे जिने आहेत. साडी नेसून जाणाऱ्या काकूंनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा हे मी अगदी मनापासून सांगतो. इथे तिरिपा कमी, पण रंग आणि वळणं जास्त, आणि सकाळी लवकर किंवा दुपारनंतरही चांगला उजेड मिळतो. मला विचाराल तर फोटोसाठी लोअर सरस. अप्परमध्ये सगळे त्या एका खांबामागे धावतात आणि बाकीच्या भिंती कुणी बघतच नाही.

आता महिना. अप्परमधल्या तिरिपा साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दिसतात, त्याचं कारण साधं आहे. पेज ३७ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे. आपल्या जळगावला सूर्य मेच्या शेवटी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिकडे तो कधीच डोक्यावर येत नाही, २१ जूनलासुद्धा साधारण साडेशहात्तर अंशांपर्यंतच चढतो आणि डिसेंबरमध्ये तर तीस अंशांच्या आसपासच राहतो. एवढ्या तिरक्या उन्हाला त्या बारीक फटीतून तळापर्यंत पोचता येत नाही. म्हणून हिवाळ्यात गेलात तर खांब विसरा, पण गर्दी कमी असते आणि जांभळे रंग छान मिळतात, तेही काही वाईट नाही.

वेळ म्हणाल तर तिरिपेसाठी साधारण ११ ते दीड. पेजला मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, योगायोगाने आपल्या जळगावलाही घड्याळात तेवढ्यालाच होते, त्यामुळे इथे सराव करताना तीच वेळ धरा. या वेळेची तिकिटं महाग असतात आणि सगळ्यात आधी संपतात. व्हिसा हातात आला की पहिलं काम हेच करा.

४. घड्याळाचा घोळ

हा वेगळा लिहितोय कारण यात टूर चुकते आणि पैसे परत मिळत नाहीत. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच राज्याच्या आत असलेलं नवाहो नेशन (नवाहो लोकांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश) करतं. शेजारचं युटा पण करतं. पेज गाव आणि अँटेलोपच्या टूर अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतात, पण कॅनियन आहे नवाहो जमिनीवर, त्यामुळे मोबाइल कधी या टॉवरची वेळ पकडतो, कधी त्या, आणि एक तास पुढे-मागे होतो. लास व्हेगासवरून गाडीने गेलात तर आणखी मजा, उन्हाळ्यात व्हेगास आणि पेजचं घड्याळ सारखंच असतं पण मधे युटातून जाताना मोबाइल एक तास पुढे उडी मारतो आणि पेजला येऊन परत मागे.

उपाय: मोबाइलमधलं ऑटोमॅटिक टाइम बंद करा आणि हाताने फिनिक्स (अ‍ॅरिझोनाची राजधानी) निवडा. भारताची वेळ तिथल्यापेक्षा कायम साडेबारा तास पुढे, उन्हाळा असो की हिवाळा. कॅमेऱ्याचं घड्याळही त्याच वेळी लावून घ्या, नंतर फोटो लावताना बरं पडतं.

५. कागदपत्रं आणि बुकिंग

हे घेतल्याशिवाय निघू नका:

- पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा. मुंबईच्या मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, कॅनियनचं नंतर बघा, आधी हे.
- टूरचं कन्फर्मेशन, मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे. १९९७ पासून गाइडशिवाय आत सोडतच नाहीत, स्वतःहून चालत जायची सोय नाही.
- नवाहो परमिटची फी टूरच्या किमतीत धरलेली आहे की वेगळी भरायची, ते बुकिंग करतानाच वाचा.
- गाडी तुम्ही स्वतः चालवणार असाल तर आपलं लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते एक वर्ष चालतं. गाडी भाड्याने देणारा काय मागतो ते आधी विचारून ठेवा. फिनिक्स किंवा व्हेगासहून पेज साधारण साडेचार तासांचा रस्ता आहे.
- कॅमेरा-लेन्स महागाची असेल तर मुंबईहून निघताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, वस्तूचा सीरियल नंबर आणि बिल लागतं. परत येताना हा कॅमेरा तिकडून घेतला का, ड्युटी भरा, असं कुणी म्हणायला नको. यासाठी अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

जास्तीच्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, मोठ्या बॅगेत टाकल्या तर काढायला लावतात.

फोटो विकायचे असतील किंवा जाहिरातीसाठी शूट करायचं असेल तर नवाहो प्रशासनाची वेगळी परवानगी लागते, टुरिस्ट तिकिटावर ते चालत नाही. ड्रोन तर बॅगेतून काढूच नका.

६. सामान: कमीच

बॅग आत नेऊ देत नाहीत. पर्स नाही, पाठीवरची सॅक नाही, ट्रायपॉड नाही, मोनोपॉड नाही, सेल्फी स्टिक नाही. पूर्वी फोटोग्राफर लोकांसाठी ट्रायपॉडवाली वेगळी टूर असायची, ती बंद झाली, त्यामुळे जुने लेख आणि व्हिडिओ बघून तयारी करू नका. व्हिडिओ शूटिंगलाही बहुतेक ठिकाणी मनाई आहे. नियम टूरवाल्याप्रमाणे थोडेफार बदलतात, बुकिंगच्या पानावर वाचा.

म्हणजे गळ्यात कॅमेरा, त्याला एकच लेन्स, खिशात एक जास्तीची बॅटरी, एक कार्ड, पुसायचं कापड, हातात पाण्याची बाटली. बस.

लेन्स वाइड घ्या, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) १६-३५ मिमी किंवा क्रॉप (लहान) सेन्सरला १०-१८ मिमीच्या आसपासची. लेन्स आत बदलायची नाही म्हणजे नाही. वरून वाळू सतत भुरभुरत असते, वारा नसला तरी, आणि ती पिठासारखी बारीक असते, एकदा सेन्सरवर गेली की उरलेल्या सगळ्या ट्रिपच्या फोटोंत ठिपके. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा म्हणजे काचेला ओरखडे येणार नाहीत. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो आणि आत उजेडाची आधीच बोंब असते.

७. आत जायच्या आधीच लावायची सेटिंग

रांगेत उभं असतानाच हे करून ठेवा.

फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) ठेवा, हवं तर सोबत जेपेग. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर, साधारण ५२०० ते ५५०० केल्विन. ऑटोवर ठेवलं तर कॅमेऱ्याला वाटतं एवढं नारंगी म्हणजे काहीतरी बिघडलंय, मग तो त्यात निळा ओततो आणि भिंत मातकट होते. रॉमध्ये हे नंतर बदलता येतं हे खरं, पण आत स्क्रीनवर चुकीचा रंग दिसला तर तुम्ही चुकीच्या भिंतींकडे वळता, चांगल्या सोडून देता.

ट्रायपॉड नसल्यामुळे आयएसओ वाढवावाच लागतो. ८०० ला सुरू करा, अंधाऱ्या जागी १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त जा. फोटोत थोडे दाणे आले तर नंतर कमी करता येतात, हललेला फोटो कोणी दुरुस्त करू शकत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८. शटर वाइड लेन्सला १/३० किंवा १/६० च्या खाली शक्यतो नको, कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर १/१५ पण निघतं. बर्स्टवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात) ठेवा आणि एका जागी तीन फोटो ओढा, मधला बहुतेक स्थिर येतो.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एकच्या आसपास. अंधारी जागा बघून कॅमेरा फोटो उजळ करायला जातो आणि वरच्या भिंती जळून पांढऱ्या होतात. पांढरं झालेलं परत येत नाही, काळं झालेलं बरंचसं परत येतं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार कमी जण बघतात. साधा हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड किती ते दाखवणारा आलेख) व्यवस्थित दिसत असतो पण लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम उघडलात तर तो आलेखाच्या उजव्या कडेला जाऊन धडकलेला असतो. दगडच तांबडा, त्यामुळे लाल आधी भरतो. मग भिंतीवरच्या त्या सुंदर रेघा पुसल्या जाऊन नुसता सपाट नारंगी डाग राहतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि लाल टोकाला टेकत असेल तर आणखी अर्धा स्टॉप कमी करा.

फ्लॅश बंद. कायमचा बंद. फ्लॅशने उडालेला उजेड मरतो आणि दगड तालुक्याच्या लग्नातल्या मांडवासारखा दिसतो. फोकसची मदत करणारा तो लाल-हिरवा दिवाही बंद करा, बाकीच्यांच्या फोटोत येतो.

८. आत गेल्यावर

ग्रुपमध्ये एकदम पुढे किंवा एकदम शेवटी राहा. मधे असलात तर दोन्हीकडे डोकी. गाइडला सुरुवातीलाच सांगा की मला फोटोत रस आहे, ते लोक रोज तिथेच असतात, कुठल्या कोपऱ्यात किती वाजता काय दिसतं ते त्यांना पाठ असतं, लोअरमध्ये लेडी इन द विंड म्हणतात तो आकार कुठे उभं राहून दिसतो ते गाइडच दाखवतो. बाहेर आल्यावर टिप द्यायला विसरू नका, ती तिथली रीतच आहे.

कॅमेरा डोक्यांच्या वर ठेवा. खालचा एक तृतीयांश भाग तसाही गर्दीचा आणि पायाच्या ठशांचा असतो. कॅमेरा उभा धरा, वर तिरका करा, आणि मग चौकटीच्या वरच्या कडेला आभाळाचा तुकडा येतोय का ते बघा. येत असेल तर अर्धं पाऊल पुढे किंवा बाजूला सरका म्हणजे भिंतीचं वळण त्याच्या आड येतं. नुसतं झूम करून तो तुकडा कापू नका, जागा बदलली की उलट आणखी चांगली रेघ सापडते. आभाळ जराही राहिलं तरी डोळा तिकडेच जातो आणि बाकीचे रंग फिके वाटतात.

वळण कुठे संपतं ते नाही, उजेड कुठून कुठे उतरतो ते बघा. एखाद्या जागी वरून पिवळा, मग नारंगी, मग तांबडा आणि अगदी पायाशी जांभळा, असा क्रम एकाच भिंतीवर सलग दिसतो. ती भिंत सापडली की बाकी काही करू नका, तीच वेगवेगळ्या बाजूंनी घ्या.

अप्परमधल्या तिरिपेसाठी स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या छोट्याशा भागाचाच उजेड मोजायची सेटिंग) लावून तिरिपेवरच मोजा, भिंत काळी झाली तरी चालेल. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, त्यामुळे एक तिरीप एका जागी फार थोडी मिनिटं टिकते, बारीक असेल तर त्याहून कमी. धूळ लागते म्हणून गाइड कधी वाळू उडवतो, उडवली तर उडवली, आपण हात घालायचा नाही. उडवल्या-उडवल्या लगेच फोटो काढू नका, जाड कण खाली बसू द्या, दोन-तीन सेकंदांनी जी बारीक धूळ तरंगत राहते तिच्यात खांब स्वच्छ दिसतो. वाळू उडत असताना मात्र लेन्सवर हात धरा.

आणखी एक. नवाहो लोकांसाठी ही नुसती टुरिस्ट जागा नाही, श्रद्धेची आहे. भिंतीवर नाव कोरणं, दगड खिशात घालणं, आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकणं, हे नको. माणसांचा फोटो त्यांना विचारूनच काढा.

९. फक्त मोबाइल असेल तर

घाबरू नका, लोअरमध्ये नव्या मोबाइलने कॅमेऱ्याच्या तोडीचे फोटो येतात. निघायच्या आधी लेन्स पुसा, बोटांच्या तेलामुळे सगळा फोटो धुरकट येतो. स्क्रीनवर उजळ भिंतीला बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर-फोकस लॉक होतो, मग तो सूर्याचा स्लायडर खाली ओढा. नाइट मोड बंद करा कारण तो अंधार उजळून टाकतो आणि आपल्याला अंधार हवाय. मोबाइलमध्ये रॉ किंवा प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स तिथेही डेलाइटवर. अल्ट्रावाइडपेक्षा मुख्य लेन्सचा सेन्सर मोठा असतो, आत तोच वापरा.

काही गाइड तुमचा मोबाइल घेऊन एखादा ठरलेला फिल्टर लावून देतात, फोटो एकदम भगवे दिसतात. दिसायला भारी वाटतात पण रेघा मरतात. एक काढून घ्या, मग फिल्टर काढा.

१०. पाऊस आणि पूर

हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. वर सातपुड्यात पाऊस झाला की खाली ऊन असताना कोरड्या नाल्याला अचानक लोंढा येतो, आपण बघितलेलं असतं. अँटेलोपमध्ये तसंच होतं, फक्त तिथे बाजूला पळायला काठच नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटेलोपमध्ये असाच लोंढा आला, पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडला होता, आणि त्यात ११ पर्यटक गेले. त्यानंतर लाकडी शिड्यांच्या जागी पक्के लोखंडी जिने, इशाऱ्याची व्यवस्था असं बरंच काही केलं गेलं.

तिकडचा पावसाळा जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जोरात असतो, म्हणजे नेमका तिरिपांच्या हंगामात. टूर रद्द झाली तर हुज्जत घालू नका. शक्य असेल तर पेजमध्ये दोन दिवस मुक्काम धरा आणि बुकिंग पहिल्या दिवसाचं करा, म्हणजे रद्द झालं तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

उन्हाचं म्हणाल तर जुलैत तिथे ३६-३७ अंश, भुसावळचा मे काढलेल्या माणसाला काय त्याचं. पण हवा इतकी कोरडी की घाम येतोय हे कळत नाही, पाणी पीत राहा.

११. ट्रायपॉडशिवाय चैन पडत नसेल तर

युटा-अ‍ॅरिझोना सीमेवर वायर पास आणि बकस्किन गल्च आहे, सरकारी जमीन, दिवसाचं परमिट काढायचं, गाइडची सक्ती नाही, ट्रायपॉड चालतो. आयएसओ १००, एफ/११ आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर, असे सावकाश फोटो तिथे काढता येतात. पण तिथे जिने नाहीत, मदतीला कोणी नाही, जायचा रस्ता कच्चा आहे आणि ओला झाला की गाडी रुतते. हवामान बघूनच, सोबत माणूस घेऊन, आणि ढगाचं बोटभर चिन्ह दिसलं तरी आत शिरायचं नाही. आई-वडिलांना घेऊन तर नाहीच.

१२. परत आल्यावर

हॉटेलवर गेल्यावर आधी कॅमेरा बाहेरून ब्लोअरने उडवा, लगेच कापडाने पुसू नका, वाळू घासली जाते. झूमची रिंग करकरत असेल तर जबरदस्ती फिरवू नका. कार्डची एक कॉपी त्याच रात्री लॅपटॉप किंवा पेनड्राइव्हवर.

एडिटिंगला पहिलं काम हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढणं. मग शॅडो (अंधारे भाग) थोडी वर, अगदी थोडी, सगळं दिसलं पाहिजे असा हट्ट नको. सॅच्युरेशनला (सगळे रंग गडद करणारी सेटिंग) हात लावू नका भो, रंग आधीच भरपूर आहेत. फार तर व्हायब्रन्स (मुख्यतः फिके रंग उठवणारी सेटिंग) जरासा. टेंपरेचर (व्हाइट बॅलन्सचा केल्विनचा आकडा) ५००० ते ६००० च्या मधे फिरवून बघा, जिथे नारंगी आणि जांभळा दोन्ही जिवंत राहतात तिथे थांबा. खूप गरम केलं तर जांभळा जातो आणि सगळी भिंत हळदीची होते.

प्रिंट काढायला स्टुडिओत गेलात तर एक गोष्ट नक्की सांगा, मशीनचं ऑटो करेक्शन बंद करायला लावा. नाहीतर लग्नाच्या फोटोंसाठी लावलेलं मशीन एवढा नारंगी बघून आपणहून दुरुस्ती करतं आणि प्रिंट राखाडी-गुलाबी येते. आधी ४ बाय ६ ची एक छोटी प्रिंट मॅट कागदावर काढून उजेडात बघा, लाल भाग चिकटून एकसंध दिसत असेल तर फाइलमध्ये लाल रंग थोडा कमी करा, आणि मगच मोठ्या साइजची ऑर्डर द्या.